रामहरी आबांचा रेडिओ, मूळ अवस्थेत

त्रिंबक शिवशरणांना रेडिओच्या आतलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ते स्वतःही सांगतात, आणि सांगताना मान जरा ताठ करतात. "आतलं आपल्याला इचारू नका. आपलं खातं वरचं."

हे वरचं खातं त्यांनी जन्मभर सांभाळलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बसगाड्यांच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना होता, तिथं ते रंगाऱ्यांचे मुकादम होते. इंजिन, ब्रेक, चाकं ही त्यांच्या लेखी इतरांची किरकोळ कामं. बस म्हणजे पत्रा, पत्र्यावर खाचा बुजवणारी लांबी, लांबीवर प्रायमर आणि त्यावर असा रंग, की ड्रायव्हरनं त्यात बघून भांग पाडावा. कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीचे कामगार पुढं काय करायचं या काळजीत फाटकापाशी उभे होते आणि त्रिंबकराव आत शेवटच्या बसवर राहिलेला रंगाचा एक ओघळ घासत होते. स्वतःच्या बाबतीतही धोरण तेच. केस काळेभोर, मिशा काळ्याभोर, बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. आणि गुडघे मात्र इतके गेलेले, की बुधवार पेठेतल्या स्वतःच्या घराची पायरी चढताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तेव्हा यांनी पहिला प्रश्न विचारला, "व्रण दिसंल का?"

रेडिओचा नाद त्यांना लागला तो पत्नीमुळे, मीनाबाईंमुळे. मीनाबाईंना भाकरी थापताना कानावर काहीतरी बोलणं लागतं आणि नवरा तर रंगाशिवाय कशावर बोलत नाही, म्हणून त्यांनी ट्रान्झिस्टर बाळगला होता. तो इतका मळला होता की त्याचा मूळ रंग कुणाला सांगता आला नसता. एकदा मीनाबाई बहिणीकडे टेंभुर्णीला गेल्या आणि त्रिंबकरावांनी संधी साधली. रेडिओ खोलला. आतली तारांची पाटी धुळीनं माखलेली होती, ती त्यांनी कपड्यांच्या पावडरीत बुडवून ब्रशनं स्वच्छ धुतली. बाहेरचं पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून सोलापूरच्या उन्हात ठेवलं. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग त्यांच्याआधी कुणाला सुचला नव्हता. मग घासायला वॉटर पेपर, मग चकाकीला रबिंग कंपाउंड, मग मऊ फडकं. स्टेशनांचे पुसलेले आकडे बारीक ब्रशनं पुन्हा लिहिले. जाळीला सोनेरी मुलामा दिला.

मीनाबाई परत आल्या. त्यांनी बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"कसा दिसतोय?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"दिसतोय झकास. बोलत का न्हाय?"

"आता सगळंच पायजे म्हणलं तर कसं व्हायचं?"

दुसऱ्या आठवड्यात मीनाबाईंनी मंगळवार बाजारातून दुसरा रेडिओ आणला. त्याचं मागचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेलं होतं, एरियल अर्धी मोडलेली होती, आणि तो खणखणीत वाजत होता. तो त्यांनी फळीवर ठेवला आणि जाहीर केलं, की याला हात लावला तर जेवण हातानं करून घ्यावं लागेल.

मुका झालेला पहिला रेडिओ मात्र त्रिंबकरावांचं नशीब उघडून गेला. त्यांची मुलगी धम्मप्रिया बँकेत नोकरीला आहे. तिनं सहज त्या रेडिओचे आधीचे आणि नंतरचे फोटो मोबाइलवर टाकले. चार दिवसांत फोन सुरू झाले. पुणे रोडवरच्या एका हॉटेलवाल्याला गल्ल्याशेजारी ठेवायला रेडिओ हवा होता. दातांच्या एका डॉक्टरला पेशंट बसतात तिथं हवा होता. लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढणाऱ्याला तर तीन रंगांत हवे होते, कारण शालूच्या रंगाला जुळला पाहिजे. नवरा आणि नवरी बाकावर बसून रेडिओ कानाला लावतात आणि लाजतात, असा फोटो त्या वर्षी फार चालला. रेडिओ मुके होते. पण ऐकणारेही मोबाइलवर जेवणाच्या ऑर्डरी देत होते, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

एवढ्या गिऱ्हाइकांत एकानंच विचारलं, "वाजतो का हो?"

त्रिंबकरावांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "तुमी विजापूरला गोलघुमट बघितलाय?"

"बघितलाय की."

"तितं कोण ऱ्हातंय का? तरी मानसं तिकीट काढून बघत्यात की न्हाय?"

गिऱ्हाईक वरमलं आणि रेडिओ घेऊन गेलं.

असं सगळं झकास चाललेलं असताना एक दिवस बुधवार पेठेत एक पांढरी लांबलचक गाडी शिरली आणि अडकली. मागं सरकेना, पुढं जाईना. शेवटी तिच्यातून दिग्विजयदादा आणि त्यांच्या पत्नी वैजयंतीताई चालत त्रिंबकरावांच्या दारात आले. दिग्विजयदादा म्हणजे मोहोळकडचे उगवते पुढारी. जमीन होती, पेट्रोलपंप होता, कॉलेज होतं. नव्हता तो फक्त वारसा. विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते आणि त्यांच्या नावानं दर वर्षी व्याख्यानमाला व्हायची. दिग्विजयदादांचे आजोबा रामहरी आबा म्हशींचा व्यापार करायचे आणि दुपारी झोपायचे. पण वैजयंतीताईंनी पुण्यात इंटिरिअरचा कोर्स केला होता. त्या म्हणाल्या होत्या, जागा द्या, वारसा मी बसवते. हायवेला लागून 'रामहरी आबा स्मृतिदालन' बांधून तयार झालं होतं. आबांचा पलंग, आबांचा अडकित्ता, आबांची काठी, आबांचं जातं.

"जात्यावर आबा दळायचे?" मीनाबाईंनी चहा देता देता विचारलं.

"ते प्रतीक आहे," वैजयंतीताई म्हणाल्या.

दिग्विजयदादा पुढं सरकले. "काका, आता मधल्या दालनात आबांचा रेडिओ पायजे. आबा सगळ्या गावाला गोळा करून जगाच्या बातम्या ऐकवायचे. दृष्टी होती त्यांच्याकडं."

"मंग तो रेडिओ कुटाय? आना, चकाचक करून देतो."

दादांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी छताकडे बघितलं. मग दादा म्हणाले, "तोच तुमच्याकडनं पायजे."

त्रिंबकरावांना लगेच सगळं समजलं आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला एक दणकट ट्रान्झिस्टर पडला होता, चामड्याच्या कव्हरसकट. त्याच्या पाठीवर लाल त्रिकोणाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"कुटुंब नियोजनाचा शिक्का. त्या टायमाला ऑपरेशन करून घेनाऱ्याला रेडिओ मिळायचा म्हणत्यात. त्यातला असंल."

"आधी तो काढा," दादा घाईनं म्हणाले. "आबांना नऊ मुलं होती."

त्रिंबकराव कामाला लागले. प्लास्टिक उजळलं, डायलची काच घासून पाण्यासारखी केली, आकडे सोनेरी लिहिले, चामड्याला तेल पाजून तपकिरी चमक आणली. आतला सांगाडा बॅटऱ्या पाझरून गंजलेला होता, तो काढून टाकला. तसाही त्यांना त्याचा जाच होत होता. ठरल्या दिवशी स्मृतिदालनात जाऊन त्यांनी रेडिओवरचं फडकं जादूगारासारखं ओढलं.

वैजयंतीताईंनी गालावर हात ठेवला. "अहो काका, हा तर काल दुकानातून आणल्यासारखा दिसतोय!"

"थँक्यू, ताई."

"नाही, काका. ही तक्रार आहे. याला पॅटिना कुठंय?"

"पॅटिना म्हंजी?"

"वस्तूवर काळाचा एक थर चढतो ना, तो."

"म्हंजी मळ."

"मळ नव्हे. मळ आपण पुसतो. पॅटिना आपण जपतो."

"मंग मळच की. मोठ्या घरचा."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की माणसं इथं येऊन भारावली पाहिजेत आणि चकाकत्या वस्तूनं कुणी भारावत नाही. रेडिओ म्हातारा दिसायला हवा.

त्रिंबकराव रेडिओ छातीशी धरून बसनं घरी आले आणि दोन दिवस त्यांनी बुटांना पॉलिश केलं नाही. मीनाबाईंना वाटलं, ताप आला. जन्मभर जुन्याचं नवं केलं. आता हातानं नव्याचं जुनं करायचं म्हणजे त्यांना ते पाप वाटत होतं. ओरखडा मुद्दाम काढायचा! ते रेडिओसमोर खिळा घेऊन बसायचे आणि हात पुढं जायचा नाही. शेवटी धम्मप्रिया म्हणाली, "बाबा, हे पण फिनिशच आहे की. फक्त उलट्या दिशेनं."

हे मात्र त्यांना पटलं. आणि एकदा पटल्यावर ते असे पेटले, की घरात राहणं अवघड झालं.

म्हातारपण कुठून येतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आता ते बघू लागले. गल्लीतल्या दारांच्या कड्या, रिक्षांची हँडलं, किराणा दुकानातलं तराजूचं पारडं, सगळीकडे वाकून वाकून बघायचे. मीनाबाई अंघोळीला गेल्या की फळीवरचा त्यांचा रेडिओ हळूच खाली घेऊन न्याहाळायचे. आवाजाच्या बटणावर अंगठा लागतो तिथंच रेघा झिजल्या होत्या, बाकी बटण शाबूत होतं. उचलताना चार बोटं लागतात तिथं प्लास्टिक गुळगुळीत होऊन काळपट झालं होतं. भाकरीच्या पिठाचा एक बारीक थर जाळीच्या भोकांत बसून दगड झाला होता. एकदा मीनाबाईंनी त्यांना पकडलं.

"हात लावलात?"

"न्हाय. नुस्तं बघतोय."

"काय बघताय?"

"तुजा अंगठा," त्रिंबकराव म्हणाले. मीनाबाईंना लग्नाच्या इतक्या वर्षांत असलं काही ऐकायची सवय नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या दिवशी आमटी जरा बरी झाली.

मोरीचा त्यांनी कारखाना केला. चहाची उकळलेली पूड, कात, बुटाचं पॉलिश आणि चुलीची राख यांचा रगडा करून तो रेडिओवर ओतायचा, वाळवायचा, फडक्यानं निम्मा पुसायचा, पुन्हा ओतायचा. गरम सुरीचं टोक टेकवून एका बाजूला तडा पाडला. सोनेरी आकड्यांतले जे मुंबई आणि पुण्याच्या बाजूचे, तेवढेच पुसट केले, कारण काटा तिकडेच फिरत असणार. चामड्याचा पट्टा खांद्यावर टाकून ते स्वतः आठवडाभर गावातून हिंडले, म्हणजे त्याला घाम लागावा. सिद्धेश्वर तलावाकाठी ओळखीच्यांनी विचारलं, "रेडिओ ऐकताय वाटतं?" तर म्हणायचे, "न्हाय, घामेजवतोय."

आणि रेडिओ झाला. तो बघून त्रिंबकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. यापेक्षा चांगलं काम आपल्या हातून झालं नाही आणि होणार नाही, हे त्यांना कळलं. वैजयंतीताई तर बघून खालीच बसल्या. "काका, तुम्ही कलाकार आहात!"

हा शब्द त्यांना आजवर कुणी लावला नव्हता. त्या आनंदात त्यांनी काचेच्या पेटीशेजारची पितळी पाटी वाचली. 'रामहरी आबांनी आयुष्यभर वापरलेला रेडिओ. मूळ अवस्थेत जतन.'

त्यांनी घसा साफ केला. "ताई, ह्याच्या खाली आमचं नाव बारीक कुटं बसंल का?"

"कशाला?"

"म्हंजी... रंगकाम कुणाचं, ते."

ताई आणि दादा दोघंही हसत सुटले. त्यांना वाटलं काकांनी विनोद केला. त्रिंबकरावही जरासे हसले. जे काम कुणी केलेलंच नाही, त्यावर केलेल्याचं नाव कसं घालणार? हे त्यांना कळत होतं. पण बसनं येताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की काम थोडं वाईट झालं असतं तर बरं होतं. निदान कुणाला संशय तरी आला असता.

उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे यायचे होते. दिग्विजयदादांना वाटलं, पाहुण्यांनी बटण फिरवावं आणि रेडिओ वाजावा. आत तर पोकळी. वैजयंतीताईंनी उपाय काढला. पोकळीत ब्लूटूथचा छोटा स्पीकर बसवायचा, त्रिंबककाकांनी मागं उभं राहून आपल्या मोबाइलवरून बासरीची जुनी धून लावायची. धम्मप्रियानं स्पीकर आणून दिला, बापाच्या मोबाइलशी जोडून दिला आणि दोनदा सराव करून घेतला. त्रिंबकरावांनी त्या दिवशी केस पुन्हा काळे केले. नाव नाही तर नाही, काम तरी आहे.

दालनासमोरचा मांडव खच्चून भरला होता, रेडिओची पेटी व्यासपीठावर आणून ठेवली होती. पाहुण्यांच्या हस्ते पडदा सरकला आणि मग असं काही घडलं, ज्याची तयारी कुणीच केली नव्हती. लोकांना रेडिओ आठवायला लागला.

पहिल्या रांगेत रंभाबाई बसल्या होत्या, आबांच्या पत्नी, नव्वदीच्या आसपासच्या. दिग्विजयदादांना त्यांचीच धास्ती होती. त्यांना मागं बसवायचा प्रयत्नही झाला होता. त्या काठी टेकत पेटीपाशी गेल्या आणि काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय. ह्योच. ह्यास्नी ऐकू यायचं न्हाय ना, म्हनून लई मोठ्यांदा लावायचे. म्हशी बुजायच्या."

टाळ्या पडल्या. मग एक फेटेवाले म्हातारे उठले. या रेडिओवर युद्धाच्या बातम्या आपण आबांच्या मांडीला मांडी लावून ऐकल्या, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्यानं पेटीत वाकून तडा दाखवला. "ह्यो तडा माज्यासमोर पडला! धुळाप्पानं बैल बांधताना धक्का दिला, आन आबांनी त्याच्या दोन मुस्काटात दिल्या." धुळाप्पा वारलेले होते, पण त्यांचा मुलगा मांडवात होता. तो उठून म्हणाला, की वडील शेवटपर्यंत त्या मुस्काटात बसल्याची आठवण काढायचे.

मागं उभे असलेले त्रिंबकराव तडा पडला तेव्हा घरी एकटेच होते. सुरी त्यांनी मीनाबाईंच्या स्वयंपाकघरातून घेतली होती. त्यांचा चेहरा लाल झाला. चोरी उघडकीस येईल म्हणून नव्हे. त्यांनी पाडलेला तडा त्यांच्या डोळ्यांदेखत धुळाप्पाच्या नावावर गेला होता.

पेटी उघडून पाहुण्यांनी बटण फिरवलं. त्रिंबकरावांनी मोबाइल दाबला. बासरी सुरू झाली. मांडव शांत झाला, रंभाबाईंनी डोळे मिटले. आणि बासरी थांबली, आणि आबांचा रेडिओ मोबाइलसारखा वाजायला लागला.

मीनाबाईंचा फोन होता. गडबडीत त्रिंबकरावांनी लाल बटणाऐवजी हिरवं दाबलं, मोबाइल कानाला लावला, काहीच ऐकू आलं नाही. फोन कट झाला असं समजून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात व्यासपीठावरून, काचेच्या पेटीतून, स्वच्छ आवाज आला.

"अहो, ऐकताय का? मोरीतला डाग निघंना की! फिनेल टाकलं, ॲसिड टाकलं. कसला कात आन चहाचा रगडा वतला व्हता त्या रेडिओवर?"

पाहुण्यांनी बटणावरचा हात पटकन मागं घेतला. नवऱ्याकडून उत्तर येत नाही, हे मीनाबाईंना नवीन नव्हतं. त्या पुढं बोलत राहिल्या.

"नव्या वस्तूला म्हातारं करायचं, ही कसली कला म्हनायची? आन त्या दादाला सांगा, आबाला रेडिओ पायजे व्हता तर आबा जित्ता असताना घेऊन द्यायचा. आता काचंच्या पेटीत घालून कुनाला ऐकवताय? आबाची म्हातारी जिती हाय म्हनत्यात, तिच्यापाशी बसून कोन बोलतंय का?"

त्रिंबकराव मोबाइल दाबत होते, हलवत होते, खिशात कोंबत होते. वैजयंतीताई पांढऱ्या पडल्या. पण दिग्विजयदादा उगाच पुढारी झाले नव्हते. त्यांनी माइक हातात घेतला.

"मित्रहो! हे जुन्या काळातलं नभोनाट्य आहे. आबांचं अत्यंत आवडतं. आमच्या टीमनं खूप कष्टानं मिळवलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आगं बाई, कोन टाळ्या वाजवतंय तितं?" रेडिओ म्हणाला, आणि मांडव हसून हसून लोळायला लागला. मग आवाज बंद झाला, कारण त्रिंबकरावांना अखेर मोबाइल बंद करायचं बटण सापडलं.

मुंबईचे पाहुणे भाषणाला उठले तेव्हा फार हळवे झाले होते. ते म्हणाले, त्या काळच्या कलाकारांच्या आवाजात केवढी सहजता होती! नाहीतर आजचे कलाकार. त्या अनाम अभिनेत्रीला त्यांनी अभिवादन केलं. रंभाबाई शेजारणीला सांगत होत्या, "ही बाई लई चांगलं बोलायची. रोज दुपारी लागायची."

घरी आल्यावर त्रिंबकरावांनी हे सगळं मीनाबाईंना सांगितलं. आधी त्या घाबरल्या, मग चिडल्या, आणि मग म्हणाल्या, "अभिवादन म्हनले?"

"व्हय. अनाम अभिनेत्री."

"नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्या रात्री जेवताना नवराबायकोचं प्रथमच एका विषयावर पूर्ण एकमत झालं.

पुढच्या महिन्यात त्रिंबकरावांच्या दारात आजोबा हरवलेल्या लोकांची रांग लागली. कुणाला आजोबांचं घड्याळ हवं होतं, कुणाला आजोबांची सायकल. एका बिल्डरला तर आजोबांची पत्र्याची पेटी हवी होती, जी घेऊन आजोबा रिकाम्या हातानं सोलापुरात आले. "रिकाम्या हातानं आले तर पेटी कुटनं आली?" असं त्रिंबकरावांनी विचारलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. पण बाकीची कामं त्यांनी घेतली. धम्मप्रियानं मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो टाकणं बंद केलं. या धंद्यात फोटो उलटे दिसायचे.

स्मृतिदालनात आता एक वेगळाच पेच पडला. देखभालीला ज्ञानबा नावाचा माणूस ठेवला होता. ज्ञानबा कष्टाळू आणि टापटिपीचा. साहेबांच्या आजोबांचा रेडिओ इतका कळकट बघून त्याला वाईट वाटायचं. तो रोज सकाळी पेटी उघडून ओल्या फडक्यानं, जरा साबण लावून, रेडिओ पुसायचा. वर्ष फिरायच्या आत रगडा उतरला, राख उतरली आणि आबांचा रेडिओ झगझगीत दिसू लागला. शाळांच्या सहली यायच्या, मास्तर पाटी वाचायचे, 'मूळ अवस्थेत', आणि म्हणायचे, बघा मुलांनो, जुन्या लोकांना वस्तू कशा नीट वापरायची सवय होती.

वैजयंतीताईंनी ज्ञानबाला रागावून बघितलं. "मळ पुसू नकोस" म्हणून सांगितलं. ज्ञानबा हो म्हणाला. पण लहानपणापासूनचा हात, तो थांबेना. शेवटी दर महिन्याला एका सोमवारी, दालन बंद असतं तेव्हा, त्रिंबकरावांनी येऊन रेडिओला पुन्हा म्हातारा करून जायचं, असं ठरलं. ज्ञानबा महिनाभर त्याला तरुण करतो, त्रिंबकराव एका सोमवारात त्याचे केस पांढरे करतात. दोघांचं आपसात छान जमतं. ज्ञानबा चहाही करून देतो, एक पिण्यासाठी आणि एक रेडिओसाठी.

अशाच एका सोमवारी त्रिंबकराव दालनात वर्तमानपत्र अंथरून बसले होते. मागच्या दारानं रंभाबाई आल्या. मागंच बंगला आहे, घरचे सगळे बाहेर गेलेले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"रिपेर करतोस का रं बाळा?"

बाळाच्या मिशा नुकत्याच काळ्या केलेल्या होत्या. "व्हय, आजी."

रंभाबाईंनी वाकून रेडिओ बघून घेतला. मग बोलायला लागल्या. लग्न झालं तेव्हा किती लहान होत्या, म्हशी किती होत्या, निंगव्वा नावाची एक म्हैस नुसती त्यांच्याच हाताला दूध द्यायची. आबा दुपारी झोपले की घरात कुणी बोलायला नसायचं, तेव्हा हा रेडिओ असायचा. त्रिंबकरावांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. त्यांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगायला. ते त्यांनी मिटलं.

"एकदा मोहोळच्या बाजारातनं येताना गाडीतनं पडला व्हता," रंभाबाई म्हणाल्या. "हितं खालच्या कोपऱ्याला टवका उडाला व्हता. लई रडले मी. आता दिसंना झालाय बघ."

त्रिंबकरावांनी रेडिओ हातात घेऊन उलटा केला. चारही कोपरे धड होते.

"कुटल्या कोपऱ्याला, आजी?"

"डाव्या."

त्यांनी पिशवीतून कानस काढली आणि डाव्या कोपऱ्यावर टेकवली. "एवढा?"

"जरा मोठा. अजून. हां, बास. बघ, ह्योच."

मग त्रिंबकरावांनी त्या टवक्याच्या कडा वॉटर पेपरनं सावकाश बोथट केल्या. इतक्या वर्षांचा टवका धारदार कसा असेल? रंभाबाई सांगत होत्या, आणि ते मान हलवत ऐकत होते.